डीबी स्पेक्ट्रम आणि दुरुस्तीचा कागद

इंदापूर तालुक्यातल्या भवानीनगरच्या श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्यात गाळप थांबले म्हणजे काम संपले असे होत नाही. उसाच्या पट्ट्यातल्या प्रत्येक कारखान्याप्रमाणे तिथेही ऑफ सीझन असतो. उन्हाळ्यात मिलचे रोलर उतरवले जातात, पंप आणि टर्बाइन उघडतात, झीज मोजली जाते आणि दसऱ्याच्या सुमारास बॉयलरच्या अग्निप्रदीपनापर्यंत सगळे पुन्हा जागेवर बसते. त्याच तालुक्यातल्या वालचंदनगरने तर साखर कारखान्यांची यंत्रेच बनवली. यंत्र खोलणे, बिघाड हुडकणे, नवा भाग बसवणे यांचे या भागात कुणाला अप्रूप नव्हते. मग इथून शंभरेक किलोमीटरवर, पुण्यात तयार झालेला घरगुती संगणक काही वर्षांतच भंगारात का गेला? ‘तंत्रज्ञान जुने झाले’ हे उत्तर आपण फार सहज देतो. मला ते अपुरे वाटते. यंत्र किती टिकणार हे त्याच्या नवेपणावर थोडे आणि त्याच्याबरोबर आलेल्या माहितीवर जास्त ठरते, असे माझे म्हणणे आहे. या संगणकाचे बिघाड नीट पाहिले तर ते पटण्यासारखे आहे.

सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम एप्रिल १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये आणला. साधा टीव्ही हाच त्याचा पडदा आणि कॅसेट प्लेअर हीच त्याची साठवण. १९८४ मध्ये त्याची जरा भक्कम कीबोर्डाची ‘प्लस’ आवृत्ती आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात राजीव गांधी सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले आणि १९८६ मध्ये पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम’ बाजारात आणला. नव्वदच्या आसपास त्याची विक्री थांबली. महाराष्ट्राच्या संगणक-इतिहासात या यंत्राला एखादी ओळ मिळाली तरी पुष्कळ, अशी स्थिती आहे. मराठी मध्यमवर्गाच्या घरात बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ओळी पहिल्यांदा टाइप झाल्या त्या अशा यंत्रांवर, म्हणून ही उपेक्षा मला खटकते.

आता यंत्र खोलू. बाहेरच्या अडॅप्टरमधून नऊ व्होल्ट डीसी येतो, पण त्याची पिन उलटी, म्हणजे मधे ऋण आणि बाहेर धन. आज घरात सापडणारे बहुतेक अडॅप्टर याच्या विरुद्ध असतात आणि तसला एखादा खोचला की आतले भाग जळू शकतात. आत ७८०५ रेग्युलेटर नऊचे पाच व्होल्ट करतो. खरा नाजूक भाग त्याच्या शेजारी आहे. एक ट्रान्झिस्टर आणि एक छोटी कॉइल मिळून अधिक बारा आणि उणे पाच व्होल्ट तयार करतात, कारण खालच्या १६ केबी मेमरीतल्या ४११६ जातीच्या आठ आयसींना तीन वेगवेगळे दाब लागतात. यातला उणे पाच गेला आणि बारा चालू राहिला, तर मेमरीच्या आयसीच खराब होतात. म्हणून टीव्हीवर उभे पट्टे दिसले की जाणकार माणूस आयसीचा डाख काढायला धावत नाही. तो आधी मल्टीमीटरने ते तीन दाब तपासतो. क्रम चुकला तर नव्या बसवलेल्या आयसीही त्याच वाटेने जातात.

वरच्या ३२ केबीची हकीकत याहून शिकण्यासारखी आहे. खर्च वाचवण्यासाठी सिंक्लेअरने ६४ किलोबिटच्या अशा आयसी घेतल्या ज्यांचा अर्धाच भाग चांगला निघाला होता. कोणता अर्धा भाग वापरायचा, हे बोर्डावरची एक तारेची जोडणी ठरवत असे. हे ज्याला ठाऊक, तो तिथे आठ पूर्ण चांगल्या ४१६४ आयसी लावून मोकळा होतो. ज्याला ठाऊक नाही, तो त्याच नंबरची आयसी पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीपासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत शोधत बसेल. ही वरची मेमरी बिघडली तरी यंत्र बहुधा बंद पडत नाही. सुरू होताना ते स्वतःची मेमरी तपासते आणि जेवढी चांगली सापडली तेवढ्यावर चालते. २३७३२ आणि २३७३३ या दोन पत्त्यांवरचा आकडा वाचला की निदान होते. ६५५३५ आला तर ४८ केबी धडधाकट, ३२७६७ आला तर वरची मेमरी गेलेली. यंत्र स्वतःच दुखणे सांगते, पण कुठे विचारायचे ते माणसाला माहीत हवे.

बारामती-इंदापूरसारख्या तालुक्यांत डाख देणारे हात होतेच, रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा धंदा चांगला रुजला होता. टीव्हीच्या सर्किट आकृत्यांची पुस्तके विकत मिळत, म्हणून टीव्ही वर्षानुवर्षे दुरुस्त होत राहिले. स्पेक्ट्रमचीही सर्व्हिस मॅन्युअल होती. सिंक्लेअरसाठी ती मार्च १९८४ मध्ये तयार झाली, पण ती अधिकृत दुरुस्ती केंद्रांसाठी होती. ग्राहकाला मिळे ते संगणक वापरायला शिकवणारे पुस्तक. शिवाय त्या मॅन्युअलमध्येही यूएलए ही मुख्य आयसी नुसता चौकोन होती. पडद्यावरचे चित्र, कीबोर्ड, कॅसेट, आवाज हे सगळे सांभाळणारी ही आयसी फेरांटी कंपनी खास सिंक्लेअरसाठी बनवत असे. दुसरीकडे कुठे ती मिळत नव्हती. एप्रिल १९८६ मध्ये सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय ॲमस्ट्रॅडकडे गेला आणि १९९३ मध्ये फेरांटी बुडाली. ती आयसी गेली की कितीही कसबी मेकॅनिक असला तरी तिथे अडत असे.

यावर आक्षेप येईल की घरगुती संगणक आयबीएमच्या धर्तीच्या पीसीने संपवला, दुरुस्तीचा त्याच्याशी संबंध नाही. लोकांनी पुढे नवा घरगुती संगणक का घेतला नाही, ते यातून कळते. विकत घेतलेले यंत्र घराबाहेर का गेले, ते कळत नाही. माझ्या बाजूचा सर्वात भक्कम पुरावा नंतरचा आहे. २०१० मध्ये ख्रिस स्मिथ यांनी यूएलएच्या आतली रचना उलगडून पुस्तकात मांडली आणि त्या जागी बसणारे नवे पर्याय बनू लागले. उलट, स्पेक्ट्रममध्ये असलेल्या मूळ झेड-८० प्रोसेसरचे उत्पादन झिलॉगने २०२४ मध्ये थांबवण्याचे जाहीर केले. म्हणजे भाग दुर्मिळ होत चालले आहेत, तरीही हा संगणक १९९० पेक्षा आज दुरुस्तीला सोपा आहे. भाग कमी झाले आणि माहिती वाढली, एवढाच फरक.

दुसरा आक्षेप जास्त विचार करण्याजोगा आहे. जुने खेळ आजच्या संगणकावर इम्युलेटरमध्ये चालतात, मग खोके कशाला जपायचे? आणि नव्या आयसी घातल्या तर ते मूळचे राहते का? इम्युलेटर प्रोग्रॅम जपतो. पण अर्ध्या चांगल्या आयसी वापरण्याची काटकसर किंवा उलट्या पिनेचा अडॅप्टर त्यात दिसत नाही आणि त्या काळचे अर्थकारण नेमके याच गोष्टींत आहे. मूळपणाचे म्हणाल, तर मिलच्या रोलरला जुन्या शाफ्टवर नवे कवच चढवतात म्हणून त्या मिलला कुणी दुसरी मिल म्हणत नाही. बदल लिहून ठेवलेला असला म्हणजे झाले. काढलेली आयसी पिशवीत घालून तारखेसह यंत्राबरोबरच ठेवावी.

१९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पात भारतातल्या शाळांना मिळालेल्या बीबीसी मायक्रोलाही हेच लागू आहे. त्याच्या पॉवर सप्लायमधला रिफा कंपनीचा कागदी कपॅसिटर जुना झाला की कवचाला तडे जाऊन ओल धरतो आणि वीज लावल्यावर धूर सोडत फुटतो. पाहणाऱ्याला वाटते, यंत्र गेले. खरे तर तो फक्त विजेतला गोंगाट गाळत असतो, त्यामुळे तो बदलला की यंत्र बहुधा पूर्ववत चालते. शाळेच्या अडगळीत किंवा घराच्या माळ्यावर असे एखादे यंत्र सापडले तर ते लगेच विजेला लावू नये. आधी खोलावे, बीबीसीचा तो कपॅसिटर काढावा, स्पेक्ट्रमच्या अडॅप्टरची पिन तपासावी आणि आत जे दिसेल ते वहीत मराठीत लिहून मगच वीज द्यावी.