म्युलर : एका जर्मन आडनावाची कुळकथा

वाचकहो, होमिओपॅथीच्या पहिल्या वर्षाला शरीररचनाशास्त्र शिकताना मला म्युलर नावाचा माणूस वारंवार भेटू लागला. गर्भाच्या वाढीच्या प्रकरणात ज्या नलिकांपासून स्त्रीचे गर्भाशय तयार होते, त्या म्युलेरियन नलिका. डोळ्याच्या प्रकरणात दृष्टिपटलाला आधार देणाऱ्या म्युलर पेशी. पुढे पापणीतला एक इवलासा स्नायू, तोही म्युलरचाच. तोंडी परीक्षेत सरांनी विचारले, "हे म्युलर कोण?" मी ठणकावून सांगितले, "जर्मन शास्त्रज्ञ होते सर. गर्भाशय आणि डोळा, दोन्हींवर त्यांनी काम केले." सर हसले आणि म्हणाले, "बेळगाव जिल्ह्यातले सगळे पाटील एकाच वाड्यातले, असे म्हणण्यासारखे झाले हे!" त्या परीक्षेत किती गुण मिळाले ते विसरलो, पण सरांचे वाक्य चाळीस वर्षे सोबत राहिले.

नलिकांचे म्युलर म्हणजे योहानेस म्युलर. जन्म १८०१, गाव कोब्लेन्झ, वडील चांभारकाम करणारे. डोळ्याचे म्युलर म्हणजे हाइनरिश म्युलर. जन्म १८२०, वुर्त्सबुर्ग विद्यापीठातले शरीरशास्त्रज्ञ. माणसे दोन, आडनाव एक. हे आडनाव आहे तरी काय, म्हणून मी सवडीने वाचत गेलो. त्या वाचनातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

म्युलर म्हणजे दळणारा, गिरणीवाला. पाण्याच्या धारेवर फिरणारी चक्की रोमन लोकांनी ऱ्हाइन नदीच्या मुलखात नेली आणि चक्कीबरोबर तिचा शब्दही गेला. लॅटिनमधला 'मोलिना' म्हणजे चक्की, 'मोलिनारियुस' म्हणजे ती चालवणारा. जुन्या जर्मन बोलीत त्याचे 'मुलिनारी' झाले आणि घासत घासत 'म्युलर' उरले. दक्षिणेकडे बव्हेरियात आणि श्वाबियात त्याचाच उच्चार 'मिलर', उत्तरेकडच्या सखल मुलखात 'मोलर'. सोळाव्या-सतराव्या शतकांत विद्वानांना आपले नाव लॅटिनमध्ये फिरवून घेण्याची हौस होती, तेव्हा काही म्युलर 'मोलिटर' झाले. संभाजीनगरची, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादची, पाणचक्की ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे यंत्र डोळ्यांपुढे आणायला वेळ लागणार नाही.

बाराव्या शतकाआधी जर्मन माणसाला साधारणपणे एकच नाव असे. शहरे वाढली, कर आणि जमिनीचे कागद वाढले आणि एकेका गावात दहा-दहा योहान, हाइनरिश आणि कोनराड निघू लागले. मग लोक खुणेसाठी मागे एक शब्द जोडू लागले. पश्चिमेकडच्या आणि दक्षिणेकडच्या शहरांत हे आधी घडले, खेड्यापाड्यांत सावकाश. तो जोडशब्द पुढे मुलाकडे, नातवाकडे उतरू लागला आणि आडनाव झाला.

हे शब्द साधारण पाच वाटांनी आले. बापाच्या नावावरून, मूळ गावावरून किंवा मुलखावरून, घराच्या जागेवरून, अंगाच्या किंवा स्वभावाच्या विशेषावरून आणि धंद्यावरून. आम्हा जैनांना यांतली दोन आडनावे घरची वाटतात. हेर्मान याकोबी यांनी आचारांग आणि कल्पसूत्र इंग्रजीत आणले, जैन धर्म ही बौद्ध धर्माची शाखा नव्हे हे साधार मांडले. 'याकोबी' म्हणजे याकोबचा, याकोबच्या घरचा. त्यांना सोबत घेऊन राजस्थानातले जैन ग्रंथभांडार पाहणारे, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेले गेओर्ग ब्युलर. 'ब्युल' म्हणजे टेकडी, ब्युलर म्हणजे टेकडीवर राहणारा. आणि याकोबींचा तो अनुवाद १८८४ मध्ये ज्या ग्रंथमालेत निघाला तिचे संपादक होते मॅक्स म्युलर. बापाचे नाव, घराची जागा आणि धंदा अशा तीन वाटांनी आलेली तीन आडनावे आपल्या ग्रंथांपाशी एकत्र आली.

आता संख्येकडे वळू. जर्मनीत म्युलर हे सर्वांत जास्त आढळणारे आडनाव आहे. ढोबळ मानाने दर शंभर माणसांत एक, किंचित कमीच. स्वित्झर्लंडमध्येही पहिला क्रमांक त्याचाच. शेजारच्या ऑस्ट्रियात मात्र पहिले 'ग्रुबर', म्हणजे खोलगट जागी राहणारा. डोंगराळ देशाला ते शोभतेही. म्युलरच्या मागोमाग येणाऱ्या नावांत श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी, फिशर म्हणजे कोळी, वेबर म्हणजे विणकर. याच मांदियाळीत 'शुल्झ' आहे. शुल्झ म्हणजे गावचा सारा वसूल करणारा अधिकारी. थोडक्यात, त्यांचा पाटील.

आपण विचाराल, त्या काळी बहुतेक माणसे शेती करणारी, मग शेतकरी हे आडनाव पहिले का नाही? शेतकरी या अर्थाचे 'बाउअर' हे आडनाव आहे आणि पुष्कळांचे आहे, पण ते म्युलरच्या बरेच मागे. कारण सोपे आहे. ज्या गावात घरोघरी नांगर आहे तिथे 'शेतकरी हाइनरिश' म्हटल्याने कोण ते कळत नाही. चक्की मात्र गावाला एकच, ओढ्याकाठी. 'चक्कीवाला हाइनरिश' म्हटले की विषय संपला. गावोगाव असा एकेकच म्युलर होता आणि चक्कीवाचून गाव नव्हते. गावात एकटा म्हणून ज्याला हे नाव मिळाले, त्याचेच नाव देशात सर्वांत जास्त झाले. आपल्याकडे दळण घरोघरी जात्यावर, पहाटे, बायकांच्या हातून होई. जे घरोघरी होते त्याची खूण होत नाही. त्यामुळे दळणावरून म्युलरच्या तोडीचे आडनाव आपल्यात रुजले नाही.

एवढे वाचून झाल्यावर वाटले, नाव मोठे मानाचे असणार. गावाला पीठ देणारा माणूस! पण इतिहास उलटा निघाला. चक्की बहुधा जमीनदाराच्या मालकीची असे आणि रयतेने धान्य त्याच चक्कीवर दळले पाहिजे अशी सक्ती असे. चक्कीवाला मजुरी म्हणून धान्यातलाच ठरावीक वाटा काढून घेई. मापात पाप, ही शंका आपल्याकडे जशी, तशीच तिकडे. त्यात चक्की गावाबाहेर, पाण्याकाठी, एकाकी. त्यामुळे अनेक ठिकाणी चक्कीवाल्याची गणना हलक्या धंद्यांत झाली. गिल्ड म्हणजे कारागिरांचे संघ त्याच्या मुलाला उमेदवार म्हणून घेत नसत. बापाच्या धंद्यामुळे मुलाला सुतारकी शिकायची बंदी! १५४८ मध्ये साम्राज्याच्या फर्मानात लिहावे लागले की विणकर, न्हावी, मेंढपाळ, चक्कीवाले यांच्या मुलांना संघांनी नाकारू नये. १५७७ मध्ये पुन्हा तेच लिहावे लागले. १७३१ मध्ये पुन्हा कायदा करावा लागला. जो हुकूम तीनदा काढावा लागतो तो पाळला जात नव्हता, हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

इथे मला स्वतःची एक गोष्ट कबूल केली पाहिजे. दवाखाना काढून दहा-बारा वर्षे झाली होती. कंपाउंडर हवा होता. एक तरुण आला, बारावी शिकलेला, अक्षर मोत्यासारखे. मी नाव विचारले. त्याने नुसते नाव सांगितले. मी म्हटले, "पूर्ण नाव?" त्याने आडनाव सांगितले. ते एका जुन्या धंद्याचे होते आणि त्या धंद्याला आमच्या पेठेत कोणत्या पायरीवर बसवतात ते मला माहीत होते. मी म्हणालो, "कळवतो." तो समजला. जाताना त्याने नमस्कार केला, तो मला अजून टोचतो. मी अणुव्रते जाणणाऱ्या घरातला. रोगाच्या नावाला औषध देऊ नये, समोरच्या रोग्याला द्यावे, हे हानेमान यांचे शिकवणे रोज तोंडात असलेला. आणि त्या मुलाला मी त्याच्या नावावरून निकालात काढले. संघाच्या दारातून परत गेलेल्या चक्कीवाल्याच्या पोरांबद्दल वाचताना तो मुलगाच पुढे उभा राहिला.

नाव आणि माणूस यांची फारकत किती लवकर होते ते खुद्द मॅक्स म्युलर यांच्या घरात दिसते. त्यांचे आजोबा डेसाउ गावचे शिंपी होते. आडनाव चक्कीवाला, हातात कात्री. आजोबांचा मुलगा विल्हेल्म म्युलर कवी झाला. बर्लिनमध्ये एका घरी मित्रमंडळींनी चक्कीवालीच्या प्रेमाचे गीतनाट्य करायचे ठरवले, तेव्हा केवळ आडनावामुळे चक्कीवाल्याचे काम त्याच्या वाट्याला आले. त्यातून त्याची गीतमाला झाली. शूबर्टने ती १८२३ मध्ये संगीतात बांधली. त्याच वर्षी ६ डिसेंबरला विल्हेल्मला मुलगा झाला. धर्मपिता होता संगीतकार वेबर, म्हणजे आडनावाने विणकर. वेबरच्या संगीतिकेच्या नायकावरून मुलाचे नाव ठेवले मॅक्स. पुढे या मुलाला वाटले की नुसते 'म्युलर' म्हटले तर गर्दीत हरवून जाऊ. म्हणून त्याने मॅक्स हा शब्दही आडनावात ओढून घेतला आणि तो 'मॅक्स म्युलर' झाला.

ऋग्वेदाच्या त्यांच्या आवृत्तीचा पहिला खंड १८४९ मध्ये निघाला, शेवटचा १८७४ मध्ये. तिच्या संस्कृत मुखपृष्ठावर त्यांनी ऑक्सफर्डचे 'गोतीर्थ' केले. ऑक्स म्हणजे बैल, फर्ड म्हणजे पाण्यातून जायचा उतार. शब्दाला शब्द, अर्थाला अर्थ. स्वतःचे नाव मात्र त्यांनी अर्थाने न आणता नादाने आणले आणि लिहिले 'मोक्षमूलर'. चक्की गेली आणि मोक्ष आला. आपल्या जुन्या शास्त्रीमंडळींना ते नाव आपलेच वाटले असले तर नवल नाही.

पण नाव जवळचे वाटण्यात जसा गोडवा आहे तसा धोकाही आहे. ज्या हाइनरिश म्युलरने डोळ्यातल्या पेशी दाखवल्या, नेमके तेच नाव, तेच आडनाव पुढे हिटलरच्या गुप्त पोलिसांच्या, गेस्टापोच्या, प्रमुखाचे होते. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये व्हर्सायच्या तहावर जर्मनीतर्फे सही करणाऱ्या दोघांत एक हेर्मान म्युलर, आणि १९३३ मध्ये नाझींच्या पाठिंब्याने प्रॉटेस्टंट चर्चचे प्रमुख झालेले बिशपही म्युलरच. आडनावाने यांतले काय सांगितले? नाझी राजवटीलाही हे कळून चुकले होते की आडनावावरून ज्यू ओळखता येत नाही. म्हणून तिने ऑगस्ट १९३८ मध्ये हुकूम काढला. ज्यांचे नाव ठरावीक यादीत नाही अशा ज्यू पुरुषांनी १९३९ पासून 'इझ्राएल' आणि स्त्रियांनी 'सारा' हे नाव जोडलेच पाहिजे. शेजाऱ्याला ओळखता यावे म्हणून सातशे वर्षांपूर्वी गावाने नावामागे एक शब्द जोडला होता. इथे सरकारने नाव जोडले ते शेजाऱ्याला वेगळे काढता यावे म्हणून.

शेवटी एका म्युलरबाईंची ओळख करून देतो. त्या आपल्याला लगेच समजतील. हेर्टा म्युलर यांचा जन्म १९५३ चा, रुमेनियातल्या बानात प्रांतात, जर्मन बोलणाऱ्या खेड्यात. त्यांचे पूर्वज अठराव्या शतकात तिकडे वसलेल्या जर्मनांपैकी. राज्याची भाषा वेगळी, घरची वेगळी, आडनावात घरची भाषा जपलेली. बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद इथल्या आपल्या घरांहून हे चित्र फार वेगळे नाही. पण हेर्टाबाईंनी आपल्या लोकांचे नुसते गोडवे गायले नाहीत. वडील हिटलरच्या वाफेन-एसएसमध्ये होते, हे त्यांनी लपवले नाही. गावच्या संकुचितपणावर लिहिले, तेव्हा गावकरी रागावले. हुकूमशाहीविरुद्ध उभ्या राहिल्या, तेव्हा सरकार मागे लागले. १९८७ मध्ये देश सोडावा लागला. २००९ मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल मिळाले.

वाचकहो, आपण पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात मराठी जपून राहिलेली माणसे. आडनाव ऐकले की आपले कान टवकारतात. आपला का, कुठला, कोणातला, हे तीन प्रश्न पाहुण्याच्या हाती पाण्याचा तांब्या देण्याआधी आपल्या ओठांवर येतात. त्यात मायाही असते, मी नाकारत नाही. माझे म्हणणे इतकेच की म्युलर या आडनावावरून एकच गोष्ट खात्रीने कळते. फार पूर्वी, कुठल्याशा ओढ्याकाठी, कोणीतरी चक्की चालवत होता. त्यापुढचे सारे त्या माणसालाच विचारावे लागते.

माझ्या दवाखान्यात आता केसपेपरवर आडनावाची जागा तळाशी आहे. आधी रोग्याचे म्हणणे लिहून घेतो. तो तरुण पुन्हा कधी आला नाही. आला असता तर त्याला बसायला सांगून आधी त्याचे अक्षर पाहिले असते.