दुधाची पारख

मालवणच्या किनाऱ्यावर दुधाचा रतीब हा पिढ्यानपिढ्या विश्वासाचा व्यवहार होता. गवळ्यानें माप घालावें, गृहिणीनें तें तापवून साय पाहावी, एवढीच काय ती परीक्षा. परंतु तान्ह्या मुलांचें व आजाऱ्यांचें जीवन ज्यावर अवलंबून, त्या वस्तूची पारख नुसत्या नजरेवर सोंपविणें कोणत्याहि राज्यसत्तेस शोभणारें नव्हतें.

कौटिल्यानें अर्थशास्त्रांत धान्य, तेल, मीठ व औषधें यांत भेसळ करणारास बारा पण दंड सांगितला आहे. इंग्रजी अमदानींत १८६० च्या दंडसंहितेनें भेसळीस शिक्षा ठेवली; पण पदार्थ अपायकारक झाला असें सिद्ध व्हावें लागे. विहिरीचें स्वच्छ पाणी घातलेल्या दुधास अपायकारक कोण म्हणणार? यास्तव भेसळीसाठीं निराळा कायदा हवा होता. मुंबई इलाख्यांत तो १९२५ सालीं झाला. मालवण तेव्हां याच इलाख्याच्या रत्नागिरी जिल्ह्यांत होतें. पुढें १९५४ सालीं देशाचा कायदा आला.

तपासणीचें साधें साधन लॅक्टोमीटर. पाणी घातलें कीं दुधाची घनता घटते व तो अधिक बुडतो. पण आधीं साय काढल्यास घनता वाढते. मग बेतानें पाणी घातलें कीं आंकडा पुन्हां जागेवर येतो. एक लबाडी दुसरीला झांकते. म्हणून स्निग्धांश मोजणें आवश्यक झालें. १९५४ च्या कायद्याखालील नियमांत महाराष्ट्रासाठीं म्हशीच्या दुधास शेंकडा ६ व गाईच्या दुधास ३.५ असें प्रमाण होतें.

तथापि धारेचें पहिलें दूध पातळ व शेवटचें दाट असतें. नीट न ढवळतां नमुना घेतल्यास एका गाईवर संसार चालविणारा प्रामाणिक मनुष्यहि गुन्हेगार ठरावयाचा. म्हणून मूळ कायद्यानें नमुन्याचे तीन भाग करविले : एक विक्रेत्यास, एक विश्लेषकास, तिसरा न्यायालयासाठीं. दिल्लीच्या एका दहीविक्रेत्याच्या, १९६७ च्या निकालसंग्रहांत नोंदलेल्या प्रकरणांत खटल्यास विलंब होऊन नमुना नासला. फेरतपासणीचा हक्क बुडाल्यामुळें सर्वोच्च न्यायालयानें त्याची सुटका कायम केली.

सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ सालीं वेगळा झाला. १९५४ च्या कायद्याची जागा २००६ च्या कायद्यानें घेतली व तो २०११ पासून अंमलांत आला. कायदे बदलले, तरी निरीक्षकाचें कर्तव्य दुहेरीच राहिलें : पाळण्यांतील मुलास निर्भेळ दूध मिळावें, आणि निर्दोष गवळ्यास शिक्षा होऊं नये.