तळ्यांची साखळी आणि ग्रामसभा

तमिळ प्रदेशातील शेतीचा इतिहास हा बऱ्याच अंशी तळ्यांचा इतिहास आहे. ‘एरी’ या नावाने ओळखली जाणारी ही तळी बहुधा एकमेकांशी जोडलेली असतात. वरच्या तळ्याच्या सांडव्यावरून वाहिलेले पाणी खालच्या तळ्यात उतरते आणि तेथून पुढच्या. साहजिकच एका गावाच्या हयगयीने बांध फुटला, तर खालच्या गावांची पिके वाहून जातात. त्याने सांडवा उंचावला, तर ती कोरडी राहतात. लहरी मोसमी पावसात अशी परस्परावलंबी रचना टिकवायची, तर स्थापत्याइतकीच संस्थेचीही गरज असते.

या संस्थेचे रेखीव चित्र उत्तरमेरूर येथील, पहिल्या परांतक चोळाच्या कारकिर्दीतील, इ. स. ९१९ व ९२१ च्या शिलालेखांत आढळते. गावाचे ३० विभाग पाडून, पात्र व्यक्तींच्या नावांच्या ताडपत्री चिठ्ठ्या घटातून काढून समित्या नेमल्या जात. त्यांपैकी ‘एरी वारियम्’ ही सहाजणांची समिती तळ्याचा कारभार पाही. मुदत ३६० दिवसांची असे. हिशेब न देणारा स्वतः तर अपात्र ठरेच, त्याचे आप्तही ठरत. ही सभा ब्राह्मण भूधारकांची होती. तिला आधुनिक लोकशाही म्हणणे ही इतिहासाशी प्रतारणा होईल. तथापि पाण्यावरचा अधिकार अल्पमुदतीचा व हिशेबाला बांधलेला असावा, ही जाण तीत निःसंशय आहे.

एकोणिसाव्या शतकात रयतवारीने सरकारचा संबंध थेट खातेदाराशी जोडला आणि ग्रामसंस्थेचा आधार खचत गेला. ‘कुडिमरामत’ म्हणजे रयतेने करावयाची डागडुजी. ती ढासळू लागताच १८५८ च्या कायद्याने मद्रास इलाख्यात सक्तीच्या श्रमाची तरतूद झाली. मात्र जुनी रूढीही निर्मळ नव्हती. पाणी सोडणारा ‘नीरकट्टी’ अनेक गावी दलित असे. श्रम त्याचे, निर्णय इतरांचे.

डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई बुडाली, तेव्हा बुजवलेल्या तळ्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या वस्त्यांतून पाण्याने आपली जुनी वाट शोधली. २०१७ मध्ये तमिळनाडू शासनाने ‘कुडिमरामत’ याच नावाने तळ्यांच्या दुरुस्तीची योजना हाती घेतली. नाव परत आणता येते, गाळही उपसता येतो. वरच्या गावाला खालच्या गावापुढे उत्तरदायी करणारी आणि नीरकट्टीलाही सभेत स्थान देणारी संस्था घडवणे हे त्याहून अवघड काम आहे. शिलालेखांनी त्याचा अर्धाच धडा लिहून ठेवला आहे.