सजदा, पिनियल आणि एक व्हीआयपी

गेल्या रमजानमध्ये शाळा सुटल्यावर दहावीतल्या एका मुलाने मोबाइल माझ्यापुढे धरला. "सर, हे खरंय का?" मजकूर असा होता की, सजद्यात कपाळ जमिनीला टेकले की मेंदूतली पिनियल ग्रंथी 'जागी' होते आणि मुस्लिम हकिमांना हे हजार वर्षांपूर्वीच ठाऊक होते. शेवटी नेहमीचे वाक्य, पुढे पाठवा. मी म्हणालो, "उद्या सांगतो."

उद्याचे चार दिवस झाले. कारण खरा इतिहास त्या मजकुरापेक्षा कितीतरी मोठा निघाला.

पिनियल ही मेंदूच्या मध्यभागी दडलेली, वाटाण्याहून लहान ग्रंथी. पाइनच्या फळासारखा आकार म्हणून हे नाव. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गेलेन तिच्याविषयी सविस्तर लिहितो. त्या काळी काही जण म्हणत, ही ग्रंथी म्हणजे मेंदूतल्या प्राणवायूची झडप. गेलेनने हे साफ नाकारले. ही ग्रंथी स्वतः हलूच शकत नाही, मग झडप कशी होईल, असा त्याचा युक्तिवाद होता.

नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक आणि त्याच्या साथीदारांनी गेलेनचे ग्रंथ अरबीत आणले. त्याच्या शरीररचनेवरील एका ग्रंथाचा उत्तरार्ध मूळ ग्रीकमध्ये हरवला आणि फक्त अरबीत उरला. बअलबेकचा कुस्ता इब्न लूका याने लिहिले की, मेंदूत किड्यासारखा एक भाग असतो, तो उघडतो-मिटतो आणि त्यावर आठवणे अवलंबून असते. पुढे युरोपात काहींनी हे काम पिनियलच्या गळ्यात घातले. 1649 मध्ये देकार्तने तर तिला आत्म्याचे मुख्य ठाणेच ठरवले.

आता लक्षात घ्या, हुनैन आणि कुस्ता दोघेही ख्रिस्ती होते. त्यांना जागा, काम आणि मान देणारे शहर मुसलमान खलिफांचे होते. अभिमान बाळगायचा तर या गोष्टीचा बाळगावा. पिनियलचे झोपेशी असलेले नाते मात्र त्यांच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते.

ते कळायला विसावे शतक उजाडले. 1958 मध्ये येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ आरोन लर्नर यांनी गुरांच्या हजारो पिनियल ग्रंथींतून एक द्रव्य वेगळे केले. ते शोधत होते कोडावरचा उपाय, हाती लागले मेलाटोनिन, म्हणजे अंधार पडल्याची शरीराला खबर देणारे संप्रेरक. 1972 मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी उंदरांवरील प्रयोगांतून शरीराचे घड्याळ मेंदूच्या तळाशी शोधून काढले. उजेडाची बातमी डोळ्याच्या पडद्यातून या घड्याळाकडे जाते. तिथून ती पाठीच्या कण्यात उतरते, मानेतल्या चेतागाठीतून पुन्हा वर चढते आणि पिनियलला पोहोचते. एवढा वळसा!

या निरोपात पेप्टाइड नावाचे छोटे रेणू मोठे काम करतात. त्यातल्या एकाचे नाव गमतीचे आहे, व्हीआयपी. मूळचे इजिप्तचे डॉक्टर सामी सईद आणि स्वीडनचे व्हिक्टर मुट यांनी 1970 मध्ये ते डुकराच्या आतड्यातून वेगळे केले. त्यात 28 अमिनो आम्ले असतात. पुढे ते मेंदूतही सापडले. उंदराच्या घड्याळात सुमारे 20,000 पेशी असतात आणि त्यांना एका तालात ठेवण्यात व्हीआयपीचा मोठा वाटा असतो. ज्या उंदरांत ते नसते, त्यांच्या अनेक पेशींचा ताल बिघडतो किंवा एकमेकींशी जुळत नाही. पिनियलपर्यंत जाणाऱ्या काही तंतूंतही ते असते आणि मेलाटोनिन तयार व्हायला मदत करते. तिथला मुख्य निरोप्या मात्र नॉरअॅड्रेनॅलिन. 1989 मध्ये मेंढीच्या मेंदूतून सापडलेले पॅकॅप हे व्हीआयपीचे भावंड. डोळ्याकडून घड्याळाकडे उजेडाची बातमी नेण्यात त्याचा हात असतो.

पाचव्या दिवशी त्या मुलाला हे सगळे सांगितले. सजद्याने पिनियल जागी होते याला मला कुठेही आधार सापडला नाही, हेही सांगितले. तो जरा हिरमुसला. मी म्हणालो, "बेटा, नमाज पढायला ग्रंथीचं प्रमाणपत्र लागत नाही." मग विचारले, "तरावीहनंतर झोपतोस किती वाजता?"

"झोपत नाही सर. सहरीपर्यंत मोबाइल बघतो."

हाच मुलगा पहिल्या तासाला पेंगायचा. मी त्याला दोनदा सगळ्यांसमोर 'आळशी' म्हटले होते. झगझगीत उजेडाने माणसाचे मेलाटोनिन दबते, हे 1980 मध्येच सिद्ध झाले आहे. या वयात मुळातच झोप उशिरा येते, त्यात डोळ्यापुढे पडदा. घड्याळाला रात्र झाल्याचे कळणार कसे? आणि बी.एड. झालेल्या मास्तराने हा प्रश्न पहिल्याच दिवशी का विचारला नाही?

मी त्याची माफी मागितली. तो लाजला. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला तो पुन्हा पेंगला, पण या वेळी मी ओरडलो नाही. मधल्या सुट्टीत त्याच्या वडिलांना फोन केला.