खाट कुणाच्या पैशाची?
मुंबईच्या उपनगरांतील परवडणाऱ्या उपचारांची दीडशे-पावणेदोनशे वर्षे

मुलुंड, भांडुप, बोरिवली किंवा अंधेरीच्या चाळींतून ज्यांचे बालपण गेले, त्यांना ‘केईएमला नेलंय’ या दोन शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आजार साधा नाही, गल्लीतल्या डॉक्टरांनी हात टेकले आहेत आणि घरातल्या एका माणसाला आता रोज डबा घेऊन जावे लागणार आहे, एवढे सगळे त्यातून कळत असे. मुलुंडहून निघालेला माणूस परळला उतरे, बोरिवलीहून निघालेला एल्फिन्स्टन रोडला. एका बाजूचा प्रवास पंचवीसेक किलोमीटरचा. केसपेपर काही पैशांत, पुढे काही रुपयांत होई. पण सोबत गेलेल्याचा खाडा मांडला जाई, आणि उपचाराचा खरा खर्च त्या खाड्यात असे.

उपचार स्वस्त कसे व्हावेत, याची चर्चा आपण बहुधा डॉक्टरची फी आणि औषधाचे बिल एवढ्यापुरती करतो. उपनगरांचा इतिहास पाहिला तर आणखी दोन प्रश्न विचारावे लागतात. रुग्ण ज्या खाटेवर झोपतो तिचे पैसे कोण भरतो? आणि ती खाट त्याच्या घरापासून किती दूर आहे? या दोन प्रश्नांना वेगवेगळ्या काळांत वेगवेगळी उत्तरे मिळाली.

दात्याची खाट

पहिले उत्तर दात्यांचे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभे राहिलेले जे. जे. रुग्णालय १८४५ साली सुरू झाले. पुढच्या ऐंशी वर्षांत पारशी, भाटिया, गुजराती शेठ मंडळींच्या देणग्यांतून शहरात एकामागून एक रुग्णालये निघाली. यातले वेगळे पाऊल १९२६ सालचे. परळला केईएम रुग्णालय आणि शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा पैसा दात्याचाही होता आणि नगरपालिकेचाही. महाविद्यालयातले अध्यापक हिंदी असावेत, ही देणगीदारांची अट होती. सरकारी वैद्यकीय सेवेतल्या वरच्या जागा युरोपियनांकडे असण्याच्या काळात ही अट साधी नव्हती. गिरणगावाच्या ऐन मध्यावर, करदात्यांच्या पैशांवर चालणारे शिकवणारे रुग्णालय त्यामुळे मुंबईला मिळाले.

मात्र ही सारी रुग्णालये बेटावर होती. साष्टी म्हणजे शेते, मिठागरे आणि कोळीवाडे, असाच शहराचा समज होता. १८९६च्या प्लेगने लोक बेटाबाहेर पळाले, नंतर रेल्वेच्या कडेने वस्त्या वाढू लागल्या. पण तिथला कारभार घाटकोपर-किरोळसारख्या लहान नगरपालिकांच्या हाती होता. दिवे, रस्ते आणि पाणी यांतच त्यांचे उत्पन्न संपे. मोठे रुग्णालय त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते.

पालिकेची खाट

१९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर यांचा जन्म नाशिकचा. पैसे देता येत नाहीत म्हणून कुणी उपचारांवाचून राहू नये, हे या अहवालाचे मुख्य सूत्र. देशभर ते कागदावरच राहिले. मुंबईत मात्र त्याला एक आधार आधीपासून होता. १८८८च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात पालिकेची कर्तव्ये दोन प्रकारची आहेत, बंधनकारक आणि ऐच्छिक. सार्वजनिक रुग्णालये आणि दवाखाने चालवणे हे बंधनकारक कर्तव्यांत येते. ‘जमले तर करू’ असे म्हणण्याची मुभा पालिकेला नाही.

म्हणूनच उपनगरांच्या आरोग्याच्या इतिहासात दोन वर्षे महत्त्वाची ठरतात. १९५० साली पालिकेची हद्द पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि मध्य रेल्वेवर भांडुपपर्यंत गेली. १९५७ साली ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोहोचली. नकाशावरची रेघ सरकली आणि तिच्याबरोबर हे बंधनकारक कर्तव्यही सरकले. फोर्टातल्या कचेऱ्यांच्या मालमत्ता कराचा आणि पुढे जकातीचा वाटा बोरिवलीतल्या बाळंतिणीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग खुला झाला. घाटकोपरचे राजावाडी, जुहूचे कूपर, बोरिवलीचे भगवती, मुलुंडचे अगरवाल ही पालिका रुग्णालये या व्यवस्थेची फळे. त्यांच्या नावांत देणगीदार आहेत. रोजचा खर्च करदात्याचा आहे.

पण माणसे रुग्णालयांपेक्षा फार वेगाने उत्तरेकडे गेली. १९७१च्या जनगणनेत शहरात ३०.७ लाख आणि उपनगरांत २९ लाख लोक होते. दहा वर्षांनी शहर ३२.८५ लाखांवर आणि उपनगरे ४९.५८ लाखांवर. २०११ साली शहरात ३०.८५ लाख, उपनगरांत ९३.५७ लाख. म्हणजे दर चार मुंबईकरांतले तीन उपनगरातले. शिकवणारी तीन मोठी पालिका रुग्णालये मात्र परळ, मुंबई सेंट्रल आणि शीव इथेच राहिली. कूपरला जोडून पालिकेचे वैद्यकीय महाविद्यालय उपनगरात आले ते २०१५ साली. लोकसंख्येने उपनगरांनी शहराला मागे टाकल्यावर चाळीसेक वर्षांनी.

याचा परिणाम असा झाला की उपनगरातले रुग्णालय अनेकदा चिठ्ठी देणारे ठिकाण ठरले. तपासले, नोंद केली आणि ‘मोठ्या रुग्णालयात न्या’ म्हणून पाठवले. विशेषज्ञ नसेल किंवा यंत्र बंद असेल, तर पाच-दहा रुपयांचा केसपेपर आणि बाहेरच्या लॅबचे हजारोंचे बिल, दोन्ही एकाच पिशवीत दिसू लागले. भगवती आणि अगरवाल रुग्णालयांच्या पुनर्बांधणीची कामेही वर्षानुवर्षे रेंगाळली. फुकट खाट जवळ नसली की गरीब माणूस परळला जातोच असे नाही. तो गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये जातो आणि मंगळसूत्र मोडतो.

कामगाराची खाट

तिसरे उत्तर वेगळ्या जातीचे होते. दान नाही, मेहेरबानी नाही. कामगाराने आणि मालकाने दरमहा भरलेल्या वर्गणीतून उपचार. प्रा. बी. पी. अडारकर यांनी १९४४ साली कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला, १९४८ साली राज्य विमा कायदा झाला, १९५२ साली कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली आणि १९५४ साली ती मुंबईत आली.

उपनगरे तेव्हा कारखान्यांची होती. घाटकोपर ते मुलुंड हा आग्रा रोड, म्हणजे आजचा लाल बहादूर शास्त्री मार्ग, दोन्ही बाजूंनी भोंग्यांनी भरलेला होता. मुलुंड, कांदिवली, अंधेरी इथली कामगार विमा रुग्णालये या कामगारांची. रोजच्या दुखण्याला वस्तीतला ‘पॅनेलचा डॉक्टर’. त्याच्याकडे नाव नोंदवायचे, कार्ड दाखवायचे, पैसे द्यायचे नाहीत.

या योजनेतली सगळ्यांत शहाणी गोष्ट औषधांत नव्हती, सर्टिफिकेटात होती. आजारपणात बुडालेल्या मजुरीचा काही भाग कामगाराला रोख मिळतो. आजच्या नियमाने वेतनाच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. परळला जाणाऱ्याच्या खाड्याचा हिशेब सरकारी कागदावर पहिल्यांदा मांडला गेला तो इथे. आजारी माणसाचे घर बिलाने मोडते तसेच बुडालेल्या पगारानेही मोडते, हे पुढच्या बहुतेक योजना विसरल्या.

पण ही खाट नोकरीला बांधलेली होती. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतरच्या वीस वर्षांत गिरण्यांबरोबर उपनगरांतले कारखानेही बंद पडत गेले. कारखान्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले. ज्याचे कार्ड होते तो वॉचमन झाला, रिक्षा चालवू लागला किंवा कंत्राटावर लागला. रुग्णालये उभी होती, हक्काचा रुग्ण मात्र यादीतून गळत होता. योजना मोडली असे नाही. आज दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना ती लागू आहे आणि २०१९पासून वर्गणीही कमी झाली, मालकाची सव्वातीन टक्के आणि कामगाराची पाऊण टक्का. पण १७ डिसेंबर २०१८ला अंधेरीच्या कामगार रुग्णालयाला आग लागून रुग्णांचे प्राण गेले, तेव्हा कामगारांच्या पैशांवर उभ्या असलेल्या या व्यवस्थेकडे किती दुर्लक्ष झाले होते ते सगळ्या शहराने पाहिले.

औषधाची पुडी

याच आग्रा रोडवर एक विसंगती नांदत होती. मुलुंडला हेक्स्ट आणि जॉन्सन, भांडुपला सीबा, विक्रोळीला सिप्ला. देशाची औषधे उपनगरांत तयार होत होती आणि ती बनवणाऱ्या कामगारालाच बाजारातून घेणे जड जात होते. १९११च्या ब्रिटिश अमदानीतल्या पेटंट कायद्यामुळे औषधावर परदेशी कंपनीची मक्तेदारी राही. भारतातल्या किमती जगातल्या सर्वांत चढ्या किमतींत मोडतात, अशी नोंद साठच्या दशकाच्या आरंभी अमेरिकन सेनेटच्या केफॉवर समितीनेही केली होती.

न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या अहवालाच्या आधारे १९७० साली नवा पेटंट कायदा झाला आणि १९७२ साली तो अमलात आला. यापुढे औषधाच्या रेणूवर पेटंट मिळेना, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. दुसऱ्या पद्धतीने तेच औषध बनवायला देशी कंपन्या मोकळ्या झाल्या. दर नियंत्रणाचे आदेशही याच काळात आले. २००१ साली सिप्लाने एड्सवरच्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च ३५० डॉलरवर आणण्याची तयारी दाखवली, तेव्हा जगाचे डोळे मुंबईकडे वळले. २००५ साली रेणूवरचे पेटंट परत आले. तरी २०१२ साली कर्करोगावरच्या एका औषधासाठी सक्तीचा परवाना दिला गेला आणि महिन्याला सुमारे २ लाख ८० हजारांचे ते औषध ८,८०० रुपयांच्या आसपास आले. कायद्यातला एक शब्द बदलला की औषधाच्या दुकानातले बिल किती बदलते, ते या चाळीस वर्षांत दिसते.

धर्मादाय खाट

चौथे उत्तर अनेकांच्या घराजवळ असूनही त्यांना माहीत नसते. विश्वस्त संस्थांच्या रुग्णालयांना करांत सवलती मिळतात, काहींना जमीनही सवलतीत मिळाली. त्याच्या बदल्यात १९८५च्या सुमारास विश्वस्त कायद्यात कलम ४१ कक आले: दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. वीस वर्षे त्याची अंमलबजावणी ढिलीच होती. २००४ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि २००६ साली न्यायालयाने सविस्तर योजना घालून दिली. रुग्णालयाने एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’त वेगळी ठेवायची. तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून त्याची प्रकृती स्थिर करायची. उत्पन्नाची मर्यादा पुढे वाढत गेली. आता वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत निर्धन आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल.

या खाटेचे वैशिष्ट्य असे की ती मागावी लागते. काचेच्या दारातून आत जाऊन ‘धर्मादाय खाट रिकामी आहे का?’ असे विचारायला कागद लागतात, तहसीलदाराचा दाखला लागतो, आणि त्याहून अधिक धीटपणा लागतो. वस्तीतला कार्यकर्ता, नगरसेवकाच्या कार्यालयातला मुलगा किंवा रुग्णालयातली समाजसेविका यांच्याखेरीज ती क्वचितच मिळते.

योजनेची खाट

पाचवे उत्तर विम्याचे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत मुंबई उपनगर जिल्हाही होता. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड, कुटुंबाला वर्षाला दीड लाखांचे संरक्षण आणि ठरलेल्या शस्त्रक्रियांची यादी. २०१७पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. पुढे मर्यादा पाच लाखांपर्यंत गेली आणि रेशनकार्डाच्या रंगाची अटही सुटली. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी खोली विकण्याची वेळ हिने अनेक घरांवरून टाळली, हे मान्य केलेच पाहिजे.

पण विमा खाटेवर झोपल्यावर सुरू होतो. मधुमेहाची रोजची गोळी, रक्तदाबाची तपासणी, पोराचा आठवडाभराचा ताप हे खर्च खाटेच्या आधीचे आहेत आणि बहुतेक घरांचे पैसे तिथेच झिरपतात. देशाच्या एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता, २०२१-२२ साली तो ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा खरी आहे. तरीही शंभरातले चाळीस रुपये अजून रुग्णच मोजतो.

या दृष्टीने २०२२च्या नोव्हेंबरपासून मुंबईत सुरू झालेल्या ‘आपला दवाखाना’ उपक्रमातली एक गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाला महत्त्वाची वाटते, ती म्हणजे वेळ. पालिकेचे जुने दवाखाने दुपारी चारपर्यंत चालत. धुणीभांडी करणारी बाई किंवा रिक्षावाला त्या वेळी कामावर असतो. नवे दवाखाने संध्याकाळी आणि रात्री दहापर्यंतही उघडे ठेवायचे ठरले. खाडा न करता डॉक्टर भेटणे, हाही उपचार स्वस्त करण्याचा मार्ग आहे. हे कळायला आपल्याला पाऊणशे वर्षे लागली.

हिशेब

पाच खाटांचा हा इतिहास एकत्र पाहिला तर दिसते की एकीनेही दुसरीची जागा पूर्णपणे घेतलेली नाही. दात्याने इमारत दिली, पण रोजचा खर्च पालिकेने उचलला. विम्याने शस्त्रक्रिया परवडवली, पण ती करायला सुसज्ज रुग्णालय जवळ हवेच. कामगार विम्याने मजुरीचा विचार केला, पण नोकरीबाहेरच्याला सोडून दिले. यांतला सगळ्यांना खुला असलेला, कार्ड, दाखला किंवा ओळख न विचारणारा दरवाजा अजूनही पालिकेचाच आहे. त्यामुळे उपनगरातले पालिका रुग्णालय खाजगी संस्थेकडे सोपवण्याची किंवा पुनर्बांधणीत खाटा कमी-जास्त करण्याची बातमी येते, तेव्हा ती स्थानिक बातमी म्हणून सोडून देता येत नाही. १८८८च्या कायद्यातले बंधनकारक कर्तव्य १९५७ साली ज्या रेघेपर्यंत आले, ती रेघ अजून तिथेच आहे.

केईएमला जाणारी गाडी आजही भरलेली असते. मुलुंडला आणि बोरिवलीला सकाळी फाईल छातीशी धरून चढणारी माणसे दिसतात. त्यांतल्या किती जणांचे काम घराजवळच्या रुग्णालयात होऊ शकले असते, हा हिशेब पालिकेकडून दरवर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी मागितला पाहिजे. मागण्याचा हक्क करदात्याला आहे, आणि साबण घेताना कर भरणारा प्रत्येक जण करदाता आहे.