दफ्तर कोणाच्या घरी?

आमच्या युनियनच्या कचेरीला एकदा घरमालकाने कुलूप ठोकले. भाडे थकले होते असे नव्हे. जागेचा तंटा होता. पावतीपुस्तके, सभांची इतिवृत्ते, कामगार न्यायालयात द्यावयाचे कागद, सारे आत. इतिवृत्ते लिहिली आम्ही, सह्या केल्या सभासदांनी, आणि किल्ली तिसऱ्याच्याच खिशात! तेव्हापासून कोणत्याही सामुदायिक कामाचा इतिहास वाचताना आम्ही आधी पाहतो ते हे, की त्यांचे दफ्तर कोणाच्या घरी होते. संगणकाच्या मुक्त आज्ञावल्यांचा इतिहासही आम्ही असाच वाचला. आमचे शिक्षण शाळेत थोडे, बाहेरच अधिक. तेव्हा जाणत्यांनी सांभाळून घ्यावे.

मुक्त आज्ञावली म्हणजे जिचा मूळ मजकूर, म्हणजे कोड, कोणीही वाचावा, दुरुस्त करावा आणि पुढे वाटावा अशी मुभा कर्त्यांनीच दिलेली असते. १९९१ साली लायनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा पहिला मजकूर फिनलंडमधील विद्यापीठांच्या जाळ्यावरील एका सर्व्हरवर ठेवला. त्या काळी तारा संथ होत्या. म्हणून लोकप्रिय आज्ञावलीची प्रत ठिकठिकाणची विद्यापीठे आपल्याकडे ठेवीत. अशा प्रतीला ‘मिरर’, म्हणजे आरसा, म्हणत. तो हेतू निव्वळ सोयीचा होता, मालकीचा विचार त्यात नव्हता. पुढे १९९९ मध्ये सोर्सफोर्ज निघाले आणि अशा प्रकल्पांना बिनभाड्याची खोली मिळाली. बिनभाड्याची खोली पाहिली की आमच्यासारख्याच्या पोटात गोळा येतो. पण त्या वेळी तसे कोणाला वाटले नाही.

खरा धडा मिळाला तो २००५ मध्ये. लिनक्सवर जगभरचे लोक काम करीत. कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली याची वही ठेवण्यासाठी २००२ पासून बिटकीपर नावाची आज्ञावली वापरात होती. ती मुक्त नव्हती. एका खासगी कंपनीने ती लिनक्सवाल्यांना फुकट वापरू दिली होती, एवढेच. त्यांच्यातील एकाने तिचे अंतरंग उलगडण्याचा खटाटोप केला, कंपनी रागावली आणि सवलत काढून घेतली. कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. आपला माल आपण कोणत्या अटीवर द्यावा हे ठरविण्याचा तिला अधिकार होताच. परंतु हजारो हातांच्या श्रमाची वही एकाच्या मर्जीवर टांगलेली होती, हे त्या दिवशी सर्वांना दिसले.

टोरवाल्ड्स यांनी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात स्वतःच नवी वही बांधावयास घेतली. ती गिट. चारपाच दिवसांत ती आपलाच हिशेब आपण ठेवू लागली आणि जूनमध्ये लिनक्सची २.६.१२ ही आवृत्ती तिच्या आधारे निघाली. गिटची खुबी अशी, की जो कोणी प्रत घेतो त्याला शेवटचे पान मिळत नाही, पहिल्या पानापासूनचा सारा इतिहास मिळतो. शिवाय प्रत्येक नोंदीला तिच्या मजकुरातून आणि तिच्या आधीच्या नोंदीतून गणिताने काढलेली चाळीस अक्षरांची खूण असते. मधले एक अक्षर कोणी गुपचूप बदलले, तर तेथून पुढची प्रत्येक खूण बदलते. आमच्या इतिवृत्ताला अशी खूण असती तर किती भांडणे वाचली असती!

या खुणेची परीक्षा २०११ मध्ये झाली. लिनक्सचे माहेरघर जे कर्नेल डॉट ऑर्ग, तेथे चोर शिरल्याचे ऑगस्टअखेर उघडकीस आले. घर महिनाभर बंद राहिले. पण जवळजवळ चाळीस हजार फायलींपैकी प्रत्येकीची खूण हजारो लोकांच्या संगणकांवर पडलेली होती. चोराने मजकुरात भेसळ केली असती, तर ती लगेच उघडी पडली असती. टोरवाल्ड्स यांनी सप्टेंबरमध्ये आपले दफ्तर तात्पुरते गिटहबवर मांडले आणि काम चालू राहिले.

येथे कोणी म्हणेल, मग आरसे वाढवावेत, काळजी मिटली. परंतु मार्च २०१३ मध्ये केडीई या प्रकल्पावर जो प्रसंग आला तो ऐकावा. मुख्य सर्व्हर दुरुस्तीनंतर सुरू केला, तो आतील साठवण बिघडलेली. प्रकल्पांची यादीही त्यात नासली. देशोदेशीचे आरसे इमानाने ती यादी पाहून चालणारे. यादीत नाव नाही म्हणजे दफ्तर नको, असे समजून त्यांनी आपल्याजवळच्या धडधाकट प्रती पुसल्या. सुमारे दीड हजार दफ्तरे जाण्याची वेळ आली. एका वेगळ्या यंत्रावर सुदैवाने चांगली प्रत उरली म्हणून निभावले. पोथीची नक्कल करताना लेखनिकाची चूकही उतरते. येथे तर मूळ पोथी फाटली म्हणून नकला फाडल्या गेल्या! आज्ञाधारक आरसा आणि स्वतंत्र प्रत यांतला भेद केडीईच्या मंडळींना त्या आठवड्यात कळला.

घरमालकांच्या कथा मग एकामागून एक आल्या. २०१५ मध्ये सोर्सफोर्जने जिम्प या चित्रकारीच्या आज्ञावलीचे विंडोजसाठीचे खाते, कर्ते सोडून गेल्यावर, आपल्या ताब्यात घेतले आणि तिच्या पुडक्यात परक्या जाहिराती बांधल्या. (पुढच्याच वर्षी मालक बदलले आणि हा प्रकार थांबला.) त्याच वर्षी गिटोरियस बंद झाले, २००६ साली निघालेल्या गूगल कोडने गाशा गुंडाळण्याची सूचना दिली आणि जानेवारी २०१६ मध्ये दार लावले. गिटहब २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलरला मायक्रोसॉफ्टने विकत घ्यायचे ठरले. २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांपायी इराण, सीरिया, क्रिमिया येथील लोकांची खासगी दफ्तरे तेथे अडकली. ऑक्टोबर २०२० मध्ये ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून यूट्यूब-डीएल हा प्रकल्प गिटहबवरून उतरविला गेला. नोव्हेंबरमध्ये तो परत आला, पण तोवर लोकांनी त्याच्या प्रती जागोजाग लावून ठेवल्या होत्या.

आज शहाणे प्रकल्प काय करतात? पोस्टग्रेस आणि ग्नोम यांनी मुख्य दफ्तर स्वतःच्या घरी ठेवले आहे आणि गिटहबवर आरसा. ज्यांना स्वतःचे घर परवडत नाही ते गिटहब, गिटलॅब, बर्लिनच्या एका ना-नफा संस्थेचे कोडबर्ग, अशा दोनतीन ठिकाणी एकाच आज्ञेने मजकूर पाठवितात. गिटमध्ये एका नावाला अनेक पत्ते जोडता येतात, त्यामुळे हे काम मिनिटाचे आहे. फ्रान्समधील सॉफ्टवेअर हेरिटेज ही संस्था, जी २०१६ मध्ये जाहीर झाली, ती सर्वांच्याच प्रती जपून ठेवते. गूगल कोड व गिटोरियसवरील पुष्कळसे दफ्तर तिच्याकडे सुरक्षित आहे.

एक अडचण राहतेच. अनेक दारे उघडली की लोक भलत्याच दारी दुरुस्त्या आणून टाकतात. गिटहबवरील लिनक्सच्या आरशाकडे अशा किती तरी येतात आणि तशाच पडून राहतात, कारण लिनक्सच्या दुरुस्त्या टपालयादीवर घेतल्या जातात. दुसरी अडचण अधिक बोचणारी. गिट मजकुराचा इतिहास नेते. पण लोकांच्या तक्रारी, त्यांवरील वाद, अमुक बदल का नाकारला याची चर्चा, हे सारे त्या वहीत नसते. ते घरमालकाच्या पेटीत असते आणि ते बाहेर काढायला वेगळी खटपट करावी लागते. ती फारच थोडे करतात.

आमचे कुलूप निघाल्यावर आम्ही इतिवृत्तांच्या नकला केल्या. एक संच खजिनदाराच्या घरी, एक दुसऱ्या गावच्या शाखेत. तक्रारींची फाईल मात्र जाडजूड आणि कंटाळवाणी, म्हणून ती एकच राहिली. पुढे एका बडतर्फीच्या दाव्यात नेमका तिच्यातलाच कागद हवा होता. तो शोधायला तीन दिवस लागले, आणि मिळाला तो निम्मा पावसाने भिजलेला.