रॉसकॉमनच्या बोगवर, मे 1938

पायाखालची जमीन दबते आणि पुन्हा वर येते. तुम्ही आयर्लंडच्या पश्चिमेला, रॉसकॉमन काउंटीतल्या एका बोगवर, म्हणजे दलदलीवर, उभे आहात. मैलोन्‌मैल पसरलेला ओला, काळा माळ. चरात उतरलेला माणूस फावड्यासारखं अवजार दाबतो. त्याचं पातं एका बाजूला काटकोनात वळलेलं. लोण्यासारखा मऊ पीट, म्हणजे दलदलीत कुजलेल्या वनस्पतींचा थर, लांबट विटेच्या आकारात कापला जातो आणि वर भिरकावला जातो. वरचा माणूस तो झेलून उन्हात मांडतो. हेच वर्षभराचं जळण.

बोलणं सगळं इंग्रजीत चाललंय, पण अवजार आहे ‘श्लॉन’. आज याच्या बोगवर, उद्या त्याच्या, असे शेजारी मिळून राबतात, आपल्या इर्जिकीसारखे. ते आहे ‘मेहल’. डावखुरा पोरगा ‘कित्तोग’. गोड बोलून काम टाळणाऱ्याला दटावलं जातं, ‘प्लॉमॉस’ पुरे. हे सगळे शब्द आयरिश. न्याहारीला विषय निघतो डग्लस हाइड यांचा. जवळच्याच फ्रेंचपार्कात वाढलेले, गावातल्या साध्या माणसांकडून आयरिश शिकलेले हाइड याच महिन्यात देशाचे पहिले अध्यक्ष म्हणून बिनविरोध निवडून आलेत.

संध्याकाळी या राबणाऱ्यांपैकी एकाच्या घरी चला. नातू शाळेची वही घेऊन आजीजवळ बसलाय. म्हाताऱ्या माणसांना विचारून जुन्या गोष्टी, उपचार, समजुती लिहून आणायच्या, असं लोकसाहित्य आयोगाने देशभरातल्या शाळांना सांगितलंय. 1937 ते 1939 या काळात सुमारे 5,000 शाळांतली जवळपास 50,000 मुलं असं लिहिताहेत.

“गाय दोहून झाली का रे?”

“झाली.”

पोरगा ‘हो’ म्हणत नाही. आयरिशमध्ये ‘हो’ आणि ‘नाही’ यांसाठी वेगळे शब्दच नाहीत, उत्तर क्रियापदानेच द्यायचं. “आलास का?” “आलो.” मराठी माणसाला यात परकं काय वाटणार? पण इंग्रजीत बोलतानाही ही रीत सुटलेली नाही.

आजी निखारे राखेखाली झाकते. त्या ऊबदार राखेला ती म्हणते ‘ग्रीसख’. सकाळी राख सारून वर ‘ब्रॉसना’, म्हणजे वाळक्या काटक्या, ठेवल्या की विस्तव पुन्हा धरतो. हे सांगतासांगता ती वडिलांच्या शाळेवर येते.

आता तिच्याबरोबर आणखी मागे जा. 1831 पासून सरकारी शाळा निघाल्या, इंग्रजी माध्यमाच्या. मुलाच्या गळ्यात दोरीने अडकवलेली काठी. तोंडून आयरिश शब्द निघाला की तिच्यावर एक खाच. खाचा मोजून शिक्षा. घरी खाच पाडायला आईबापही मागेपुढे पाहत नसत. त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. 1845 नंतरच्या दुष्काळात देशातली सुमारे दहा लाख माणसं मेली, तितकीच परदेशी गेली. रॉसकॉमनची लोकसंख्या 1841 मध्ये अडीच लाखांवर होती, ती 1851 मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास उतरली. ज्या मुलाला उद्या बोटीने अमेरिकेला धाडायचंय, त्याला इंग्रजी यायलाच हवी होती.

ती आली शाळेतून, बाजारातून, कचेरीतून. चुलीपाशी आणि बोगवर पोचेपर्यंत तिथल्या वस्तूंची नावं कधीच ठरून गेली होती. म्हणून आजीच्या इंग्रजीत पिल्लू डुकराचं असेल तर ‘बॉनव’ असतं, अरुंद वाट ‘बोरीन’ असते, वेडा ‘अमदॉन’ असतो. शेवटी ‘ईन’ लावून लहानग्याला जवळ घ्यायची आयरिश तऱ्हा तर तिने थेट इंग्रजी शब्दांनाच लावलीय: ‘गर्ल’ची ‘गर्लीन’. काठीवर अशा शब्दासाठी खाच कुठे पाडायची?

पोरांच्या त्या वह्या आज डब्लिनच्या एका विद्यापीठात जपून ठेवल्या आहेत आणि इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात. बोगवर आता यंत्रं फिरतात, श्लॉन क्वचितच दिसतो. ‘मेहल’ मात्र कामाला आहे: अडचणीतल्या कुटुंबाभोवती शाळा, दवाखाना, समाजसेवक यांनी एकत्र येऊन मदत करायच्या पद्धतीला आयर्लंडच्या ‘टुस्ला’ या सरकारी बाल व कुटुंब संस्थेने हेच नाव दिलं आहे.